सेल्युलर तुरुंगाची मोकळी झालेली भूमि

तुरुंगालगतची मोकळी जमीन कोणत्या कामीं लावावी, हा प्रश्न सामान्यतः बांधकाम खात्याचा समजला जातो. अंदमानांतील सेल्युलर तुरुंगाच्या बाबतींत तो इतिहासाच्या अभ्यासकाचाहि आहे, असें आमचें मत आहे; कारण तेथील जमीन मुळांत मोकळी नव्हतीच. ती मोकळी केली गेली.

पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. १८५८ च्या मार्चांत पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्रीविजयपुरम्) येथें बंदिवानांची वसाहत सुरू झाली. १८९० त लायल व लेथब्रिज ह्या अधिकाऱ्यांनीं तिची पाहणी करून असें सुचविलें कीं, नव्यानें आलेल्या बंदिवानास प्रथम कांहीं काळ कडक बंधनांत ठेवावें. तदनुसार १८९६ त तुरुंगाचें काम निघालें व १९०६ त पुरें झालें. मध्यें मनोरा आणि त्यापासून निघालेल्या तीन मजली सात चाळी, अशी रचना; चक्राची नाभि व तिचे अर हें रूपक येथें तंतोतंत लागू पडतें. सातही चाळी मिळून सुमारें सातशें कोठड्या. प्रत्येक साडेतेरा फूट लांब व साडेसात फूट रुंद.

परंतु खरें मर्म मापांत नसून दिशेंत आहे. प्रत्येक चाळीच्या कोठड्यांचीं दारें शेजारच्या चाळीच्या पाठीकडे वळविलेलीं होतीं. गजांतून पाहणाऱ्यास दुसऱ्या बंदिवानाचें तोंड न दिसतां केवळ भिंत दिसावी, हा हेतु. कौटिल्यानेंहि बंधनागारांत स्त्रीपुरुषांचीं स्थानें निराळीं सांगितलीं आहेत. पण माणसास माणूसच दिसूं नये, ही कल्पना त्याच्या ठायीं नाहीं. ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्यांस ह्या चाळी नव्यानें सांगावयास नकोत. गणेशपंत व विनायकराव हे सावरकर बंधु एकाच तुरुंगांत असूनहि त्यांची सहज भेट होत नसे. ह्याचें कारण जसें पहाऱ्यांत तसें ह्या रचनेंतहि आहे.

पुढें २६ जून १९४१ च्या भूकंपानें इमारतीची हानि झाली. १९४२ ते १९४५ च्या जपानी अंमलांत दोन चाळी गेल्या व स्वातंत्र्यानंतर आणखी दोन पाडण्यांत आल्या. तीन उरल्या. १९६३ त ह्याच आवारांत गोविंद वल्लभ पंत ह्यांच्या नांवाचें रुग्णालय निघालें. पाडकामास हरकत घेणाऱ्यांत त्याच कोठड्यांतून शिक्षा भोगलेले राजबंदी होते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अखेर ११ फेब्रुवारी १९७९ रोजीं पंतप्रधान मोरारजी देसाई ह्यांच्या हस्तें उरलेला भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण झाला.

रुग्णालयास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. बेटावरील रोग्यास औषध मिळालें पाहिजे. आणि जेथें मनुष्यास मोडण्याची योजना होती तेथें त्याची शुश्रूषा व्हावी, ह्यांत एक प्रकारचें प्रायश्चित्तहि मानतां येईल. आक्षेप निराळा आहे. सात पत्रांच्या पोथींतील चार पत्रें गहाळ झालीं, तर संपादक उरलेलीं तीन सलग जोडून ग्रंथ पुरा झाला असें म्हणत नाहीं. त्रुटित स्थळ तो दाखवून देतो. स्मारक म्हणजे उरलेल्या तीन चाळीच, असें धरून चाललें म्हणजे तें त्रुटित स्थळ बुजतें. तीन अरांवरून चक्राचा अंदाज येईल. चोहोंकडून रचलेल्या त्या एकांताचा येणार नाहीं.

तेव्हां ह्या आवारांत पुढें जें कांहीं बांधावयाचें असेल, त्याच्या नकाशावर आधीं पाडलेल्या चार चाळींच्या रेषा काढाव्या आणि त्याच रेषा जमिनीवर दगडांत दाखवाव्या. रुग्णालयाची जागा त्यामुळें अडणार नाहीं. रस्त्यांतून व बागेंतून हातभर रुंदीची फरसबंदी मनोऱ्यापर्यंत नेली तरी पुरे.