पानिपतची थंडी

जयनगरात राहणाऱ्या मराठी माणसाला थंडीचे भय सांगणे हास्यास्पदच वाटावे. बंगळूरच्या नोंदीतील नीचांक 7.8 अंश, तोही 13 जानेवारी 1884 चा! तथापि जून 2024 मध्ये याच शहराहून हिमालयात गेलेल्या तुकडीतील नऊ जण सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून दगावले. उत्तरेकडील बदलीचा हुकूम आला की आपणही आधी घराची चौकशी करतो, रजईची नाही. दक्षिणेकडील माणसाची ही खोड जुनी आहे.

सदाशिवरावभाऊंची फौज पटदूरहून निघाली ती मार्च 1760 मध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर. पौषात ती पानिपतास खंदकाआड अडकली, तेव्हा रसद तुटलेली होती आणि सोबत बायकामुले व यात्रेकरूही होते. पानिपतच्या भुकेची चर्चा आपण पुष्कळ करतो. थंडीची मात्र ओझरती. वस्तुतः ही दोन संकटे नव्हतच. शरीर ही शेगडी आणि अन्न हे तिचे सरपण. ते संपले की कापरे भरते. शरीराची उष्णता 35 अंशांखाली उतरली की त्या अवस्थेस डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात: वाचा अडखळते, बुद्धी मंदावते आणि पुढे कापरेही थांबते. ते थांबणे हा आराम नव्हे. धोका तेथेच वाढतो. 14 जानेवारी 1761 च्या रात्री, अष्टमीच्या चांदण्यात, दक्षिणेकडे पळत सुटलेली माणसे उपाशी, जखमी आणि थकलेली होती; वाटेत गावकऱ्यांनीही त्यांना नागवले.

अशांचे करावे काय? 1812 मध्ये मॉस्कोहून परतताना नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने पाहिले, की शेकोटीला बिलगणाऱ्या गारठलेल्या सैनिकांची दशा अधिकच बिघडते. निरीक्षण अचूक; परंतु गोठलेले अवयव बर्फाने चोळावेत हा त्याचा उपाय चुकीचा असूनही शतकभर टिकला. आज सांगतात ते साधे आहे. वाऱ्यापासून आडोसा द्यावा, ओले कपडे उतरवावेत, खाली काही अंथरून माणसास आडवे निजवावे, कोरड्या कांबळ्यात गुंडाळून प्रथम छाती-पोटाला ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत. मद्य तर मुळीच देऊ नये. त्याने ऊब भासते, पण आतली उष्णता बाहेर पडते. शुद्धीवर असल्यास गरम, गोड पेय द्यावे आणि विनाविलंब इस्पितळ गाठावे.

पानिपतच्या पळालेल्यांना इस्पितळ कुठले! पण जे भरतपूरच्या मुलखात पोचले त्यांना सूरजमल जाटाने अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. इतिहासात ही गोष्ट औदार्याच्या सदरात नोंदली आहे; वैद्यकाच्या सदरातही ती तितकीच अचूक बसते. आणि हा सूरजमल, भाऊसाहेबांशी न पटल्यामुळे, दिल्लीहूनच छावणी सोडून गेलेला होता.