अंतराळात गायलेलं गाणं यूट्यूबवरून का हटवलं गेलं? कव्हर व्हर्जनचे नियम काय आहेत?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर उल्कापातातून तयार झालं. बेसॉल्ट खडकातल्या या विवराचा उपयोग चंद्रावरची विवरं समजून घेण्यासाठीही होतो. अशा ठिकाणी गिटार घेऊन अंतराळावरचं एखादं गाजलेलं गाणं गावं आणि व्हिडिओ टाकावा, असं कोणालाही वाटेल. पण दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात गाऊन अपलोड करता येतं का?

विज्ञानकथेतून आलेली गाणी

ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांचं 'स्पेस ऑडिटी' ११ जुलै १९६९ रोजी आलं. नऊ दिवसांनी माणूस चंद्रावर उतरला. '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमावरून सुचलेल्या या गाण्यात मेजर टॉम या काल्पनिक अंतराळवीराचा पृथ्वीशी संपर्क तुटतो.

एल्टन जॉन यांच्या 'रॉकेट मॅन'मागे (१९७२) रे ब्रॅडबरी यांची त्याच नावाची कथा आहे. केट बुश यांनी १९९१ मध्ये ते रेगे ढंगात गायलं. परग्रहवासीयांना साद घालणारं 'कॉलिंग ऑक्युपंट्स' मूळचं क्लाटू या कॅनडाच्या बँडचं, १९७६ सालचं. पण जास्त गाजलं ते 'कारपेंटर्स'चं १९७७ मधलं कव्हर.

अंतराळातलं कव्हर

मे २०१३ मध्ये कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात 'स्पेस ऑडिटी' गायलं. त्यांनी शब्द थोडे बदलले. त्यांचा अंतराळवीर हरवत नाही, घरी परततो. व्हिडिओ जगभर व्हायरल झाला. बोवी यांनीही त्याचं कौतुक केलं.

तरीही वर्षभरात व्हिडिओ हटवावा लागला. या गाण्याचे हक्क बोवी यांच्याकडे नव्हते, प्रकाशन कंपनीकडे होते आणि परवानगी एकाच वर्षाची होती. नवा करार झाल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हिडिओ परत आला.

भारतात नियम काय?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-सी आलं. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं, ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षांनी कव्हर करता येतं. त्यासाठी:

- हक्कधारकाला आधी नोटीस द्यावी लागते.
- दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते.
- तांत्रिक गरज नसेल तर गाण्यात बदल करता येत नाहीत.
- मूळ गायकाचं नाव किंवा फोटो वापरून दिशाभूल करता येत नाही.

म्हणजे हॅडफिल्ड यांच्यासारखे शब्द बदलले, तर या कलमाचा आधार मिळणार नाही. शिवाय ही तरतूद ध्वनिमुद्रणासाठी आहे, व्हिडिओसाठी नाही. त्यामुळे लोणारच्या काठावर शूट केलेल्या व्हिडिओसाठी हक्कधारकाची थेट परवानगी हाच सुरक्षित मार्ग.

यूट्यूब काय करतं?

यूट्यूबची 'कंटेंट आयडी' यंत्रणा गाणं ओळखू शकते. मग हक्कधारक व्हिडिओ ब्लॉक करू शकतो किंवा जाहिरातीचं उत्पन्न स्वतःकडे घेऊ शकतो. अनेक कव्हर ऑनलाइन टिकून दिसतात, ती बऱ्याचदा या दुसऱ्या पर्यायामुळे.

भारतात गीत आणि संगीतावरचा कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कॅप्शनमध्ये 'क्रेडिट मूळ गायकाला' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही. आणि खुद्द गायकाला कव्हर आवडलं तरी हक्क कोणाकडे आहेत, हे आधी तपासावंच लागतं.