मद्रासचं विमान

११ डिसेंबर १९५३. रात्रीचे बारा वाजत आलेत आणि तुम्ही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उभे आहात. मफलर कानांवरून नीट घ्या, डिसेंबरातलं नागपूर आहे. शहर अजून मध्य प्रदेशाची राजधानी आहे आणि या घटकेला गाढ झोपलंय. इथे मात्र बाजाराच्या दिवसासारखी लगबग.

आकाशात एक दिवा दिसतो, मग दुसरा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांची डाकोटा विमानं रात्री इथे एकत्र येतात आणि टपालाची अदलाबदल करून माघारी फिरतात. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, ३० जानेवारी १९४९ला ही सेवा सुरू झाली. संध्याकाळी मुंबईच्या पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला एवढा उपयोग क्वचितच झाला असेल. झिरो माइलच्या खांबापेक्षा मला या धावपट्टीचं अप्रूप जास्त आहे.

विमानाचं दार उघडतं. थैल्या हातोहात खाली येतात. एकीच्या तोंडाशी वाकून बघा: सुतळीचे घट्ट वेढे, गाठीवर लाखेची मोहर, बाजूला लोंबणारी पत्त्याची चिठ्ठी. आत कुणाच्या नोकरीचा हुकूम असेल, कुणाच्या मुलीच्या लग्नाची बोलणी. मद्रासच्या थैल्या मद्रासच्या विमानाकडे निघतात. पेंगुळलेले प्रवासीही तसेच विमान बदलतात.

त्यांच्यामागे चला. मद्रासच्या विमानात दहा प्रवासी, चार कर्मचारी. विमान इंडियन एअरलाइन्सचं. आठ विमान कंपन्या एकत्र करून गेल्या १ ऑगस्टला उभी राहिलेली ही कंपनी अवघ्या चार महिन्यांची आहे. हे विमान मद्रासला पोचणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. हात धरून एखाद्याला थांबवावंसं वाटतं, पण तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

तारीख बदलली आहे, १२ डिसेंबर. विमान धावपट्टी सोडतं आणि जरा वर चढतं न चढतं तोच एक इंजिन दगा देतं. याहून वाईट वेळ नाही. वेग जेमतेम, उंची नाही. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा हवेला आडवा येतो, चालू इंजिन विमानाला बंद बाजूकडे वळवू लागतं. ते सावरायचं, चाकं आत घ्यायची, नाहीतर उतरायला जागा शोधायची, आणि हे सगळं काही सेकंदांत. दिवस असता तर एखादं मोकळं शेत तरी दिसलं असतं. खाली मिट्ट काळोख आहे.

विमान कोसळतं. चौदांपैकी तेरा जण दगावतात. वाचतो एकटा वैमानिक.

देशातल्या देशात पत्र विमानानं जायला तेव्हा जादा तिकीट लागत नसे. पत्र लवकर मिळालं, एवढंच घराघरांत कळायचं. त्यासाठी रात्र रात्र जागणारी, काळोखात उडणारी माणसं कुणाला दिसली नाहीत, आणि नागपूरकरांनाही आज या तेरा जणांची आठवण नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. टपालाची ही विमानं मात्र सत्तरच्या दशकापर्यंत सोनेगावला उतरत राहिली.