वृद्धांच्या सोबतीला मुके जीव : प्राणी-साहाय्यित उपचाराची ओळख

बदलापूर पश्चिमेकडील मांजर्ली परिसर आता इमारतींनी भरून गेला आहे. सकाळच्या लोकलने मुले-सुना मुंबई-ठाण्याकडे निघून जातात आणि रात्री परततात. मधल्या दहा-बारा तासांत घरात उरतात ते आजी-आजोबा. आजारी भाविकांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाताना आम्हांला हे चित्र वारंवार दिसते. औषधांचा डबा भरलेला असतो, जेवण झाकून ठेवलेले असते, दूरचित्रवाणी चालू असते. उणीव असते ती एकाच गोष्टीची : आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव. अशा घरात एखादे मांजर ठरावीक वेळी दुधासाठी येत असेल, तर आजींच्या बोलण्यात प्रथम त्याचाच विषय निघतो. या साध्या अनुभवामागे काही शास्त्र आहे काय, याचा विचार या लेखात करीत आहोत.

तीन वेगळ्या गोष्टी

सामान्य बोलण्यात तीन गोष्टींची गल्लत होते. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट एखाद्या रुग्णासाठी निश्चित उद्दिष्ट ठरवून, प्राण्याच्या साहाय्याने उपचार करतो आणि प्रगतीची नोंद ठेवतो, तेव्हा त्यास प्राणी-साहाय्यित उपचार म्हणतात. उदाहरणार्थ, पक्षाघातानंतर दुर्बल झालेल्या हाताने कुत्र्याचे केस विंचरणे हा त्या हाताचा व्यायामच असतो. दुसरा प्रकार भेटीचा : स्वयंसेवक आपला शांत स्वभावाचा कुत्रा घेऊन वृद्धाश्रमात जातात व तासभर सर्वांना त्याचा सहवास देतात. तिसरा प्रकार म्हणजे स्वतःच्या घरी पाळलेला प्राणी. तिन्हींचा लाभ होऊ शकतो. परंतु उपचार ही संज्ञा पहिल्यालाच शोभते.

थोडा इतिहास

१७९६ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे क्वेकर पंथीयांनी मनोरुग्णांसाठी चालविलेल्या आश्रयस्थानात ससे, कोंबड्या असे लहान प्राणी ठेवलेले असत. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णाला लहानसा प्राणी उत्तम सोबत देतो, असे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनीही नमूद केले होते. १९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी या विषयास शास्त्रीय चर्चेत स्थान मिळवून दिले. अबोल बालक आपल्या ‘जिंगल्स’ नावाच्या कुत्र्याशी सहज संवाद साधते, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

वृद्धांच्या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण १९९१ सालचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील एका शुश्रूषागृहाचे डॉक्टर बिल थॉमस यांनी तेथील वृद्धांच्या तीन व्याधी ओळखल्या : एकाकीपणा, कंटाळा आणि असहायता. त्यांवर उपाय म्हणून त्यांनी दोन कुत्रे, चार मांजरे आणि सुमारे शंभर पक्षी त्या वास्तूत आणले. वृद्धांनी पक्ष्यांना नावे दिली. कुत्र्यांना फिरवून आणण्याची जबाबदारी काहींनी आपणहून घेतली. पुढे तेथील औषधांचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या दुसऱ्या संस्थेच्या निम्म्यावर आले. ज्यांचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेले, त्या डॉ. अतुल गावंडे यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हा वृत्तान्त सविस्तर दिला आहे.

आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांच्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ने मुंबई-पुण्यात प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने हे कार्य रुजविले आहे.

संशोधन काय सांगते?

१९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९२ हृदयरुग्णांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी ३, तर न पाळणाऱ्या ३९ जणांपैकी ११ जण वर्षभरात दगावले. आकडे लक्षवेधी असले तरी अभ्यास लहान होता. शिवाय प्राणी पाळू शकणारी माणसे मुळातच अधिक सशक्त असण्याची शक्यता राहतेच.

२०१९ साली कोक्रेन या संस्थेने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत एकूण ३०५ रुग्ण होते. नैराश्याची लक्षणे किंचित कमी होत असावीत, एवढाच निष्कर्ष निघाला आणि तोही फारशा खात्रीचा नाही. म्हणून प्राण्यांमुळे विस्मृती बरी होते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. चालू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्यावाचून कधीही थांबवू नयेत.

मग लाभ कशात आहे? आमच्या मते, थॉमस यांच्या अनुभवाचे मर्म ‘असहायता’ या शब्दात आहे. वृद्ध व्यक्ती दिवसभर केवळ घेत असते : औषध, जेवण, इतरांची मदत. प्राणी तिला पुन्हा देण्याची संधी देतो. मांजराला वेळेवर दूध घालायचे आहे, ही लहानशी जबाबदारीही सकाळी उठण्यास कारण पुरविते.

घ्यावयाची दक्षता

• प्राण्याचे रेबीजविरोधी व अन्य लसीकरण पूर्ण असावे. हा नियम मांजरांनाही लागू आहे.
• चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.
• दम्याचे रुग्ण, उघड्या जखमा असलेले आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्याबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्पर्शानंतर हात धुवावेत.
• पायांत घुटमळणाऱ्या प्राण्यामुळे वृद्ध पडू शकतात. उड्या मारणारे पिल्लू त्यांना देऊ नये.
• ज्यांना प्राण्यांची भीती वाटते, त्यांना आग्रह करू नये. प्राण्यालाही विश्रांती हवी. तो थकला की भेट संपवावी.
• आजी-आजोबा रुग्णालयात गेल्यास प्राणी कोण सांभाळणार, हे कुटुंबाने आधीच ठरवावे.

गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलेले आहे. अर्थात शेजाऱ्यांना उपद्रव होणार नाही, ही जबाबदारी मालकाचीच. ज्यांना प्राणी पाळणे झेपणार नाही, त्यांनी गॅलरीत पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवले तरी पुष्कळ.

माणसाची जागा माणसाचीच

कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात (परिच्छेद २४१८) या विषयाचा तोल नेमका साधला आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस शोभत नाही. त्यांच्यावर प्रेम करावे, परंतु जो जिव्हाळा केवळ माणसांचा हक्क आहे, तो त्यांच्याकडे वळवू नये. आई-वडिलांना मांजर आणून दिले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे कोणत्याही मुलाने समजू नये.

आमची एक साधी सूचना आहे. आपल्या धर्मग्रामातील ज्या कुटुंबाकडे लसीकरण झालेला, शांत स्वभावाचा कुत्रा आहे, त्यांनी शेजारच्या एकाकी आजी-आजोबांची अनुमती घेऊन आठवड्यातून एकदा अर्धा तास त्याला घेऊन जावे. कुत्रा त्यांच्या पायाशी बसेल. आपणही खुर्ची ओढून जवळ बसावे. बोलायला कुत्र्याचा विषय असतो, म्हणून संकोच उरत नाही. पुढच्या आठवड्यात ते आजोबा दाराकडे डोळे लावून बसतील, तेव्हा त्यांना केवळ कुत्र्याचीच प्रतीक्षा असेल असे नाही.