गोळी घेतली का? एका साध्या प्रश्नाचा इतिहास



मध्यंतरी परदेशात राहणाऱ्या एका मुलाचा रात्री फोन आला. त्याची आई माझी जुनी पेशंट. वय ७४, इथे एकटी राहते. तो म्हणाला, "डॉक्टर, आईनं गोळी घेतली की नाही हे मला इथे बसून कळेल, असं एखादं ॲप सांगा. पैशांचा प्रश्न नाही."

त्याची काळजी खरी होती आणि तिला कारणही होतं. काकूंचं ब्लडप्रेशर वर्षभर आटोक्यात येत नव्हतं. दर वेळी मी विचारायचो, "गोळ्या वेळेवर घेता ना?" त्या म्हणायच्या, "हो, घेते की." मग मी आधी डोस वाढवला, पुढच्या खेपेला दुसरी गोळी जोडली, नंतर तिसरी. दिवाळीत त्यांची लेक पंधरा दिवस राहायला आली. तिने आईच्या गोळ्या स्वतःच्या हातात घेतल्या आणि चिठ्ठीप्रमाणे सगळ्या वेळेवर दिल्या. चौथ्या दिवशी सकाळी काकू चक्कर येऊन बाथरूममध्ये पडल्या. मनगट मोडलं. प्रेशर बघितलं तर फारच कमी.

औषध चुकीचं नव्हतं. निम्म्या वेळा चुकणाऱ्या गोळीच्या हिशोबाने मी डोस ठरवला होता आणि त्या चार दिवसांत तो प्रथमच पूर्ण पोटात गेला होता. काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की आपण गोळ्या घेतो. चूक माझी होती. "घेता ना?" असं विचारलं की "हो" शिवाय दुसरं उत्तर येतच नाही.

म्हणून आज या प्रश्नाचा थोडा इतिहास सांगतो. तो वाचल्यावर ॲप घ्यायचं की नाही, आणि घ्यायचं तर कशासाठी, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

एक नाही, दोन अडचणी

गोळी विसरणं ही एक अडचण. गोळी घेतली होती का, हेच न आठवणं ही दुसरी. आपण दोन्हींना "विसरणं" म्हणतो, पण त्या वेगळ्या आहेत.

जी गोष्ट आपण रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी करतो, तिची वेगळी आठवण मेंदू ठेवत नाही. दाराला कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, हे घरातून बाहेर पडल्यावर आठवत नाही, तसंच हे. काकूंच्या मोबाइलवर मुलाने रोज सकाळी आठचा गजर लावून दिला होता. गजर वाजायचा तेव्हा दूध गॅसवर असायचं. त्या गजर बंद करायच्या. तासाभराने शंका यायची, "घेतली का मी?" आणि दोनदा गेली तर काय, या भीतीने त्या गोळी टाळायच्या. गजराने पहिली अडचण सुटते. दुसरीसाठी घेतल्याची खूण लागते.

बाटलीवरची कागदी पट्टी

तुम्ही पन्नाशीच्या पुढचे असाल तर दवाखान्यातली मिक्श्चरची बाटली आठवत असेल. डॉक्टर आत तपासायचे आणि बाहेर कंपाउंडर लाल किंवा गुलाबी औषध काचेच्या बाटलीत भरून द्यायचा. बाटली घरून न्यावी लागायची. कंपाउंडर कागदाची एक पट्टी दुमडायचा, कात्रीने तिला खाचा पाडायचा आणि बाटलीला बाहेरून चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस.

लहानपणी मला वाटायचं की ती पट्टी फक्त मापासाठी असते. पुढे लक्षात आलं की ती हिशोबाची वहीसुद्धा होती. दुपारी औषध दुसऱ्या खाचेवर असेल तर सकाळचा डोस गेला, हे घरातल्या कोणालाही लांबूनच कळायचं. मग गोळ्या आल्या आणि ही सोय गेली. डबीत वीस गोळ्या आहेत की एकोणीस, हे बघून काय कळणार?

ड्रेसिंग टेबलवरचा कागद

नेमकी हीच अडचण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एका घरात उभी राहिली. इलिनॉय राज्यातल्या जिनिव्हा या गावी डेव्हिड वॅग्नर नावाचे इंजिनिअर राहत होते. चार मुलं झाल्यावर त्यांची पत्नी डोरिस यांनी नव्याने आलेली गर्भनिरोधक गोळी सुरू केली. त्या काळी ही गोळी साध्या बाटलीत सुटी मिळायची. पाळीच्या पाचव्या दिवसापासून वीस दिवस रोज एक घ्यायची आणि मग थांबायचं. दिवस मोजण्यात गोंधळ ठरलेलाच. आजची गोळी घेतली की नाही यावरून नवरा-बायकोत रोज विचारपूस होऊ लागली.

वॅग्नर यांनी एका कागदावर वार लिहिले आणि प्रत्येक वारावर एक गोळी ठेवून तो कागद ड्रेसिंग टेबलवर ठेवला. गोळी जागेवर नाही म्हणजे घेतली. काही दिवस छान चाललं. मग एकदा कागदावर काहीतरी पडलं आणि गोळ्या जमिनीवर विखुरल्या. तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकची एक गोल, फिरती डबी बनवली. तिच्यात त्या त्या दिवसाची गोळी बाहेर येई आणि घेतलेल्या गोळीची जागा रिकामी दिसे.

१९६२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि औषध कंपन्यांना डबी दाखवली. कंपन्यांनी आधी नाही म्हटलं. १९६३ मध्ये मात्र ऑर्थो कंपनीची गर्भनिरोधक गोळी अशाच गोल डबीत बाजारात आली. पुढे पेटंट मिळाल्यावर कंपनीने वॅग्नर यांना १०,००० डॉलर देऊन तडजोड केली. आज वार छापलेली गोळ्यांची पाकिटं आपण सहज वापरतो. त्यांच्या मुळाशी एका नवऱ्याचा ड्रेसिंग टेबलवरचा कागद आहे. लोक या सोयीसाठी खुशीने पैसे मोजतात, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

डॉक्टरांचा संशय

डॉक्टर मंडळींनी मात्र बराच काळ या प्रश्नाकडे संशयानेच पाहिलं. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथांतही वैद्याला बजावलं आहे की रुग्ण औषध घेतल्याचं खोटं सांगतात, लक्ष ठेव.

आपल्याकडे हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाताळला गेला तो मद्रासमध्ये. १९५६ साली तिथे क्षयरोगाच्या औषधोपचारासाठी एक केंद्र सुरू झालं. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवं, की घरी राहून गोळ्या घेतल्या तरी तो बरा होतो, हे तिथे तपासलं गेलं. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचे उपचारही तितकेच चांगले ठरले. त्यामुळे असंख्य गरीब रुग्णांना घरदार सोडावं लागलं नाही. पण रुग्ण घरी गेला की गोळीही नजरेआड जाते. म्हणून केंद्रातली माणसं न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजत आणि लघवी तपासत. तिथल्याच पुढच्या प्रयोगांतून समोर बसवून औषध देण्याची पद्धत पक्की झाली. आपण तिला "डॉट्स" म्हणून ओळखतो. ती उपयोगी पडली, पण गोळी गिळण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून केंद्रावर जावं लागणाऱ्यांना ती जाचकही वाटली.

झाकणातली चिप

१९८० च्या दशकात औषधाच्या बाटलीच्या झाकणात छोटी चिप बसवता येऊ लागली. बाटली कधी उघडली याची नोंद ती ठेवायची. १९८९ मध्ये अमेरिकेत फिट्सच्या काही रुग्णांवर असा अभ्यास झाला. दिवसातून एकदा गोळी असेल तर ८७ टक्के डोस सांगितल्याप्रमाणे घेतले जात. दोनदा असेल तर ८१, तीनदा असेल तर ७७ आणि चार वेळा असेल तर केवळ ३९ टक्के.

याच संशोधकांनी पुढच्या वर्षी आणखी एक गंमत दाखवली. डॉक्टरांच्या भेटीआधीच्या पाच दिवसांत रुग्ण ८८ टक्के डोस घेत होते. भेटीनंतर महिन्याभराने हा आकडा ६७ वर आला. परीक्षा जवळ आली की अभ्यास सुरू, तसंच!

यातून दोन गोष्टी कळतात. दिवसात जितक्या जास्त वेळा औषध, तितकी चुकण्याची शक्यता जास्त, म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याचाही यात वाटा आहे. आणि भेटीच्या दिवशीचं प्रेशर पूर्ण महिन्याची गोष्ट सांगेलच असं नाही.

मिस्ड कॉल ते पोटातली चिप

यानंतर मोबाइल आला. भारतात क्षयरोगासाठी "९९ डॉट्स" नावाची साधी युक्ती निघाली. गोळ्यांच्या पाकिटाला आणखी एक कागदी वेष्टन. गोळी बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, की घेतल्याची नोंद झाली. स्मार्टफोन नको आणि खर्चही नाही. पण लघवी तपासून पडताळणी झाली तेव्हा दिसलं की गोळी घेणारे अनेक जण कॉल करत नव्हते आणि कॉल करणाऱ्या काहींनी गोळी घेतलेली नव्हती.

२०१७ मध्ये अमेरिकेत तर गोळीतच चिप घालून, ती पोटात पोचल्याचा संदेश मोबाइलवर देणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली. ते तंत्र बनवणारी कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. पहारा कितीही बारीक केला तरी त्याने प्रश्न सुटतोच असं नाही.

मग कशाने सुटतो?

१९७५ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात पोलाद कारखान्यातल्या ब्लडप्रेशर असलेल्या २३० कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना आजाराची नीट माहिती दिली. काहींना कारखान्यातच डॉक्टर उपलब्ध करून दिले. गोळ्या घेण्यात दोन्हींमुळे फरक पडला नाही! मग जे गोळ्या चुकवत होते, त्यांच्यासाठी वेगळा उपाय केला. घरी स्वतः प्रेशर मोजून लिहायचं, गोळी रोजच्या एखाद्या सवयीला जोडायची आणि दर पंधरा दिवसांनी कोणीतरी आपुलकीने चौकशी करायची. चौकशी करणारी व्यक्ती डॉक्टर किंवा नर्स नव्हती. तरीही गोळ्या घेण्याचं प्रमाण वाढलं.

दुसरं उदाहरण केनियातलं, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेलं. एचआयव्हीच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा मोबाइलवर संदेश जायचा. त्यात "गोळी घ्या" असं लिहिलेलं नसायचं. स्वाहिली भाषेत फक्त "मांबो?" म्हणजे "कसं काय?" एवढंच विचारलेलं असायचं. रुग्णाने "ठीक" किंवा "अडचण आहे" असं उत्तर द्यायचं. अडचण म्हटलं की नर्सचा फोन यायचा. औषध नियमित घेणारे या गटात ६२ टक्के होते, संदेश न मिळालेल्या गटात ५०. उपयोगी पडलेलं तंत्रज्ञान एवढंच होतं, एक शब्द आणि पलीकडे ऐकणारं माणूस.

आता तुमच्यासाठी

ॲप घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. फक्त ते नुसता गजर वाजवतं, की घेतल्याची खूणही ठेवतं, हे आधी बघा. खूण तर सात वारांच्या खान्यांची साधी डबीही ठेवते. माझा सल्ला असा:

१. गोळी एखाद्या पक्क्या सवयीला जोडा. सकाळचा चहा, देवपूजा, दात घासणं, काहीही चालेल. मात्र ती जेवणाआधीची की नंतरची, हे विचारून घ्या.

२. रविवारी आठवड्याची डबी भरा. जी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, उदाहरणार्थ सांधेदुखीतली मेथोट्रेक्सेट, तिचा वार डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या. ती चुकून रोज घेणं जिवावर बेतू शकतं.

३. घेतली का नाही अशी शंका आली तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला फोन करून विचारा. साखरेच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत तर अंदाजाने दुसरी गोळी अजिबात घेऊ नका. काल चुकली म्हणून आज दुप्पटही नको.

४. तपासणीला येताना उरलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा आणि किती चुकल्या ते खरं सांगा. गोळी महाग पडते, तिने पाय सुजतात, बरं वाटतं म्हणून बंद केली, यातलं काहीही असेल तरी सांगा. या अडचणी कोणत्याही ॲपने सुटणार नाहीत. औषध बदलून किंवा दिवसातले डोस कमी करून बऱ्याचदा सुटतात.

काकूंचं मनगट आता बरं आहे. तीन गोळ्यांवरून आम्ही एकीवर आलो आणि प्रेशर नीट आहे. देवघराशेजारी सात खान्यांची डबी असते. मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो तेव्हा त्या डबी भरत असतात, आणि तो गोळ्यांबद्दल काही न विचारता आधी "कशी आहेस?" असं विचारतो. मीही माझा प्रश्न बदलला आहे. आता मी विचारतो, "गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?" त्याचं उत्तर बहुतेक वेळा खरं मिळतं.