झोळीचा दोर : निरगाठ, सुरगाठ आणि लाकडी कांडी

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात त्या फुगल्या की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. अशा वेळी आजारी माणसाला खाटेवर किंवा कापडाच्या झोळीत घालून, ती बांबूला टांगून, खांद्यावरून दवाखान्यापर्यंत आणावे लागते. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला त्या काळात कित्येक रोगी असेच येत. अशा बातम्या अजूनही दर पावसाळ्यात वाचायला मिळतात. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला गेलेली आई फांदीला लुगड्याची झोळी बांधून तान्ह्या मुलाला निजवते. चंद्रपूरच्या एखाद्या शाळेचे निसर्ग शिबिर निघाले तर मुलांच्या पाठपिशवीत नायलॉनची तयार झोळी असते.

तिन्ही झोळ्यांत माणसाचा जीव दोन गाठींवर टांगलेला असतो. म्हणून तीन प्रश्न विचारले पाहिजेत. दोर किती ताणावा? गाठ का टिकते? आणि काम झाल्यावर ती सुटणार कशी? या प्रश्नांची उत्तरे माणसाला वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणी मिळाली.

अमेरिकेतून जहाजावर

१४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला. तेथील ताइनो लोक सुती जाळीच्या टांगत्या बिछान्यात झोपत. त्यांच्या भाषेतला शब्द ‘हमाका’. त्यावरूनच इंग्रजीतला ‘हॅमॉक’ आला. १५३५ मध्ये ओव्हिएदो या स्पॅनिश लेखकाने आपल्या ग्रंथात या बिछान्याचे वर्णन केले आणि चित्रही छापले. दमट जंगलात जमिनीवरची ओल आणि किडामुंगी टाळण्याचा हा सोपा उपाय होता.

युरोपीय खलाशांनी तो चटकन उचलला. जहाज डोलले तरी झोळी आपल्या वजनाने सरळ लोंबत राहते, त्यामुळे माणूस खाली पडत नाही. १५९७ मध्ये इंग्लंडच्या नौदलाने असे बिछाने मंजूर केले. पुढे युद्धनौकांवर एका खलाशाच्या झोळीला फक्त १४ इंच रुंदीची जागा मिळे. सकाळी सगळ्या झोळ्या सोडून, गुंडाळून बाजूला रचायच्या असत. म्हणजे रात्री गाठ सुटता कामा नये आणि सकाळी ती क्षणात सुटली पाहिजे.

आपल्याकडे झोळीची ही कल्पना नवी नव्हती. भांड्याला शिंके, मुलाला झोळी आणि माणूस वाहून नेण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरची मंचील, ही सगळी एकाच कुळातली.

दोर जितका ताठ, तितका धोका

झोळी अगदी सपाट, खाटेसारखी व्हावी म्हणून नवखा माणूस दोर कडक ओढून बांधतो. त्याला वाटते, आता ती पक्की झाली. प्रत्यक्षात त्याने दोरावरचा भार कित्येक पटींनी वाढवलेला असतो.

याचा खुलासा करण्याची सुरुवात सिमॉन स्टेव्हिन या डच गणितज्ञाने केली. १५८६ च्या आपल्या पुस्तकात त्याने उतारावरच्या वजनांचा समतोल मांडला. तोच विचार त्याने पुढे तिरप्या दोरांना टांगलेल्या वजनांना लावला. दोराच्या ताणाचा फक्त उभा भाग वजन पेलतो. आडवा भाग दोन झाडांना एकमेकांकडे ओढण्यात खर्च होतो. दोर जितका आडवा, तितका त्याचा उभा भाग लहान. म्हणून तेच वजन पेलायला एकूण ताण जास्त लागतो. आजच्या भाषेत, प्रत्येक दोरातला ताण म्हणजे वजन भागिले दोराने क्षितिजाशी केलेल्या कोनाच्या साइनची दुप्पट.

६० किलोचा माणूस झोळीत बसला असे धरू. दोराचा कोन ६० अंश असेल तर प्रत्येक दोरावर सुमारे ३५ किलोचा भार येतो. ३० अंशाला ६० किलो. १५ अंशाला ११६. १० अंशाला १७३ आणि ५ अंशाला तब्बल ३४४ किलो! म्हणून ३० अंशांचा नियम लक्षात ठेवावा. त्या कोनाला प्रत्येक दोरावर माणसाच्या वजनाइतकाच भार येतो. कोन मोजायला कंपासपेटीतला गुण्या पुरतो. माणूस धपकन बसला किंवा झोके घेऊ लागला तर भार आणखी वाढतो, म्हणून दोर या आकड्याच्या कितीतरी पट ताकदीचा घ्यावा.

गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतांनी १९९० च्या दशकात घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. त्या कामाचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. अशा घरभेटीत बाळाला कापडी झोळीत घालून ताणकाट्याला टांगतात. झोळीची दोन्ही टोके एकाच आकड्यात असतात, म्हणून काटा खरे वजन दाखवतो. तीच झोळी दोन काट्यांमध्ये तिरपी टांगली, तर दोन्ही काट्यांची बेरीज बाळाच्या वजनापेक्षा जास्त भरेल.

रोग्याच्या झोळीत झाडांऐवजी बांबू असतो. तेथे वाहकांच्या खांद्यावर येणारा भार कोनामुळे बदलत नाही. पण ताणाचा आडवा भाग दोन्ही गाठींना बांबूच्या मध्याकडे सरकवू पाहतो आणि गाठ घसरली तर रोगी खाली येतो. म्हणून बांबूचे डोळे जिथे फुटतात त्या उंचवट्याच्या बाहेरच्या अंगाला दोर बांधावा, म्हणजे तो उंचवटा दोराला आत येऊ देत नाही.

गाठ टिकते कशी?

गाठ टिकते ती घर्षणावर. अठराव्या शतकात ऑयलरने खांबाला गुंडाळलेल्या दोराचे गणित मांडले. प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्यानंतर १ किलोची ओढ सुमारे साडेसहा किलो पेलते, दोन वेढ्यांनंतर ४३ आणि तिसऱ्यानंतर जवळजवळ २८५ किलो. झाडाला आधी दोन-तीन वेढे द्यावेत आणि मग गाठ मारावी, यामागचे कारण हेच. वेढेच बहुतेक भार पेलतात, गाठीवर थोडाच उरतो.

मराठीत गाठीचे दोन प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत. ओढली की आवळत जाणारी, नखांनीही न सुटणारी ती निरगाठ. एक टोक ओढताच मोकळी होणारी ती सुरगाठ. झोळीची अडचण अशी की तिला दोन्हींचे गुण हवेत. निरगाठ मारावी तर रात्रभराच्या भाराने ती दगडासारखी होते. सुती किंवा अंबाडीचा दोर पावसात भिजून फुगला तर विचारूच नका. सुरगाठ मारावी तर लोंबते टोक कोणी खेळता खेळता ओढील. स्काऊटमध्ये पट्टी बांधायला शिकवतात ती रीफ नॉट तर येथे मुळीच नको. दोन दोर जोडून त्यावर जीव टांगण्यासाठी ती वापरू नये, असा इशारा क्लिफर्ड अ‍ॅश्ले यांनी १९४४ च्या आपल्या गाठींच्या ग्रंथात दिला आहे.

कांडीची युक्ती

या अडचणीतून खलाशांनी वाट काढली ती लाकडाच्या कांडीने. दोराचा एक वेटोळा करावा, त्याच दोराचा भाराकडे जाणारा भाग वेटोळ्यातून थोडा वर ओढावा आणि त्या उचललेल्या भागाखालून बोटाएवढी जाड, वीतभर लांबीची टणक कांडी घालावी. दोर आवळला की कांडी अडकून बसते. झोळीचा फासा कांडीवरून पलीकडे न्यायचा आणि गाठीच्या मागे, दोरावर टेकवायचा. भार दोरावर आणि गाठीवर आला पाहिजे. फासा कांडीच्या टोकांवरच टांगला तर कांडी मोडेल. सकाळी फासा काढून कांडी ओढली की गाठ आपोआप विरघळते, दोरात तिची खूणही उरत नाही. कांडी असेपर्यंत निरगाठ, कांडी काढली की सुरगाठ!

झाड आणि मूल

ऐनाच्या झाडावर कोशाचा किडा आपला कोसा टांगतो तो पाहण्यासारखा असतो. कोशाला टणक देठ असतो आणि देठाच्या टोकाचे कडे डहाळीला वेढून बसते. आरमोरी भागात कोसा पिकवणाऱ्यांना हे चांगले माहीत आहे. आपणही झाडाला असेच अंगभर वेढावे. बारीक दोर सालीत रुततो आणि सालीखालून अन्नरस वाहून नेणाऱ्या पेशी चिरडतो. म्हणून चार-पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी वापरावी. झाड जिवंत आणि मांडीपेक्षा जाड असावे, वर वाळकी फांदी नसावी, झोळी बसल्यावर गुडघ्याच्या वर नसावी. रानात मुक्कामाला वनखात्याची परवानगी हवीच.

एक गोष्ट वर्गात आवर्जून सांगावी. साडीच्या झोळीत बसून पीळ घालून गरगर फिरण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. त्यात कापड गळ्याभोवती आवळून मुले दगावल्याच्या नोंदी आपल्या न्यायवैद्यकाच्या नियतकालिकांत आहेत. येथे गाठ तुटत नाही, ती उत्तम टिकते आणि म्हणूनच घात होतो. झोळीतल्या मुलाजवळ मोठे माणूस हवे.

करून पाहा

दोन ताणकाटे, एक दोरी आणि अर्धा किलोचे वजन घ्या. दोरीच्या मध्याला वजन टांगा आणि तिची दोन्ही टोके दोन विद्यार्थ्यांच्या हातातल्या काट्यांना बांधा. दोरी क्षितिजाशी ६० अंशांत असताना प्रत्येक काटा सुमारे २९० ग्रॅम दाखवील, ३० अंशांत ५०० ग्रॅम आणि १० अंशांत १४४० ग्रॅम. मग दोघांना सांगा, दोरी पूर्ण आडवी करून दाखवा. वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलालाही ते जमणार नाही. का जमत नाही, हे त्यांनाच शोधू द्या.