अंगभर वाटलेली चांदी

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेवर नवापूर मागे पडलं की चिंचपाड्याचं छोटं स्टेशन येतं. आजूबाजूला गावित, मावची, भिल्ल, कोकणा यांची गावं, भाताची खाचरं, साग आणि महू. थोडे आणि भारी दागिने घ्यावेत की पुष्कळ आणि स्वस्त, हा प्रश्न शहरातल्या सराफाच्या गादीवर हौशीचा आणि ऐपतीचा असतो. नवापूर तालुक्याच्या या पट्ट्यात तो निदान शंभर-सव्वाशे वर्षं कर्जाचा, दुष्काळाचा आणि जमिनीचा प्रश्न होता. इथल्या बायकांनी त्याचं जे उत्तर दिलं ते मला आजही शहाणपणाचं वाटतं. त्यांनी दागिन्यांत वजन धरलं, पण सगळं वजन एकाच नगात कधी घातलं नाही. चांदी घ्यायची, भरीव घ्यायची आणि ती गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत वाटून ठेवायची, अशी ही रीत होती. रानातल्या माणसांची भडक हौस म्हणून बाहेरच्यांनी तिची बोळवण केली, आणि तिच्यामागचा हिशोब कुणी मांडला नाही.

आधी दागिने पाहू. गळ्यात सरी किंवा हासळी, म्हणजे मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळती होत गेलेली चांदीची भरीव कडी. दंडावर वाकी, मनगटात कडी, कमरेला साखळी, पायात वाळे किंवा तोडे, बोटांत जोडवी, आणि या सगळ्यांच्या जोडीला रुपयांची माळ. रुपयाच्या कडेला टाका देऊन एक बारीक नाकं बसवायचं आणि असे दहा, वीस, तीस रुपये दोऱ्यात ओवायचे. चांदीच्या खालोखाल पितळ. रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६ सालच्या ग्रंथात भिल्ल स्त्रियांच्या पायांवर घोट्यापासून वर चढत गेलेल्या पितळी वाळ्यांचं वर्णन आहे. त्याखाली काचमणी. या दागिन्यांत खडे नाहीत, मीनाकाम नाही, आत लाख भरलेली नाही. तोलायची पद्धतही तितकीच सरळ. एक तोळा म्हणजे एका रुपयाचं वजन, १८० ग्रेन, आजच्या मापात साडेअकरा ग्रॅमच्या थोडं वर. तागडीच्या एका पारड्यात हासळी आणि दुसऱ्यात रुपये टाकले की दागिना किती रुपये भार आहे ते अक्षरओळख नसलेल्या बाईलाही समोर दिसायचं. नक्षीच्या किमतीवरून घासाघीस करायची वेळच येत नसे.

ही चांदी वाटून का ठेवायची? कारण गरजा वाटलेल्या असतात. मृगाच्या तोंडावर बियाणं लागतं, श्रावणात घरातलं धान्य संपतं, जातपंचायत दंड ठोठावते, घरात मौत होते, मुलाच्या लग्नात देज, म्हणजे वधूमूल्य, द्यावं लागतं. चाळीसच्या दशकात चिंचपाड्याला ख्रिस्ती मिशनचा दवाखाना उभा राहिला, तेव्हा दुखण्यावर उपचाराची सोय झाली. पण दुखणं आलं की रोख पैसा लागतो हे तिथेही सुटत नव्हतं. यातल्या बहुतेक गरजा पाच-दहा रुपयांच्या. शंभर भाराचा एकच दागिना असेल तर पाच रुपयांसाठीही तो अख्खाच सावकाराच्या पेटीत जातो. मग सावकारच आग्रहाने जास्त रक्कम पुढे करतो, व्याज त्या रकमेवर चढतं आणि दागिना सुटायची शक्यता घटते. तेच शंभर भार आठ-दहा नगांत असतील, तर लहान अडचणीला जोडवी किंवा एक कडं जातं आणि हासळी गळ्यातच राहते. ज्याला आपण दागिन्यांचा सोस म्हणतो, तो या अर्थाने अडचणींच्या आकाराप्रमाणे पाडलेला पैसा होता.

यावर सराफी व्यवहार जाणणारा माणूस लगेच म्हणेल की नग वाढले की नुकसान वाढतं. प्रत्येक नगाची वेगळी मजुरी, आणि मोडीत घालताना प्रत्येकाची वेगळी घट. आक्षेप खरा आहे, आणि पुण्या-नाशिकच्या नाजूक कामाच्या दागिन्याला तो पुरता लागू पडतो. चिंचपाड्याच्या भरीव कड्याला मात्र तो थोडाच लागतो. ठोकून वाकवलेल्या सळईत मजुरी किती असणार? रुपयांच्या माळेत तर मजुरी फक्त नाक्याची. शिवाय जे थोडं नुकसान व्हायचं त्याच्या बदल्यात बाईला काय मिळत होतं तेही मोजलं पाहिजे. सगळं एकदम न गमावण्याची सोय तिला मिळत होती. ज्या घरात वर्षातून दोन-तीनदा सावकाराचं दार बघावं लागतं, तिथे ही सोय घटीपेक्षा कितीतरी मोलाची.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो खुद्द इतिहासानेच घेतला आहे. चांदीवर भरवसा ठेवणं शहाणपणाचं होतं, तर ती ऐन दुष्काळात का फसली? १८९३ पर्यंत कुणालाही चांदी टांकसाळीत देऊन सुमारे दोन टक्के हशील कापून रुपये पाडून घेता येत. नवापूरची बाई मुंबईच्या टांकसाळीत जाणार नव्हती हे उघड आहे, पण सराफ-सावकारांच्या साखळीतून चांदी तिथे पोहोचत असे आणि त्यामुळे चांदीच्या भावाला खालून आधार होता. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमधले दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत वितळायला आले ते याच वाटेने. २६ जून १८९३ रोजी सरकारने ही वाट बंद केली. जगात चांदीचा भाव कोसळत होता, विलायतेला पौंडांत पैसे पाठवताना सरकारचं कंबरडं मोडत होतं, म्हणून रुपया चांदीपासून तोडण्यात आला. पुढे १८९९ मध्ये पंधरा रुपयांना एक पौंड हा दर कायम झाला. रुपया वाचला, चांदी उघड्यावर पडली. दादाभाई नौरोजींनी टांकसाळी बंद करण्याला विरोध केला, तो गरिबाच्या घरातल्या चांदीचं मोल एका फटक्यात उतरवणारा निर्णय आहे हे ओळखून.

हिशोब मांडून पाहा. रुपयाच्याच कसाची चाळीस भाराची हासळी बंदीपूर्वीच्या काळात चाळीसच्या जवळपास रुपयांची. १८९९-१९०० मध्ये, संवत १९५६ च्या म्हणजे ‘छप्पनच्या’ दुष्काळात, लंडनच्या भावाने तोळाभर चांदी दहा-अकरा आण्यांची झाली होती. म्हणजे त्याच हासळीचे पंचवीस ते सत्तावीस रुपये, आणि तेही पेठेच्या भावाने. सगळा मुलूख एकाच वेळी दागिने घेऊन बाजारात उभा असताना आडगावच्या बाईच्या हातावर त्याहूनही कमीच पडणार. खानदेशला त्या वर्षी दुष्काळाने निर्दयपणे पिळून काढलं. ताप्ती खोऱ्यातली रेल्वे याच सुमारास पुरी झाली. तिने धान्य येऊ शकत होतं, पण ते घ्यायला लागणारा रुपया महाग झाला होता.

तरीही या आपत्तीने चांदी वाटून ठेवण्याचा मुद्दा खोटा पडत नाही. एकच मोठा नग असलेल्या घराला तो एकदाच, भाव तळाला असताना, द्यावा लागला असणार. नग वाटलेले होते त्या घराला निदान थांबत थांबत विकता आलं, आणि पाऊस पडला तेव्हा काही अंगावर शिल्लक राहण्याची आशा ठेवता आली. रुपयांच्या माळेचा फायदा तर कुणी योजलेलाही नव्हता. हासळीतल्या तोळ्याचे दहा आणे येत असताना माळेतल्या तोळ्याचा, नाकं उखडून तो बाजारात चालला तर, पुरता रुपया होत होता. टाक्याच्या डागामुळे नाही चालला, तर चांदीचा भाव होताच. पहिल्या महायुद्धात पारडं फिरलं. चांदी चढत गेली, १९१७ मध्ये सरकारला नाण्यांचा चलनाखेरीज दुसरा वापर बंद करावा लागला, आणि त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट आली. १९४० मध्ये रुपयातलं चांदीचं प्रमाण निम्म्यावर आलं. तेव्हापासून सराफ माळेतलं नाणं उलटून पाहतो आणि राणी छाप निघालं तर वेगळा भाव सांगतो. ज्या घरात सरी, कडी आणि माळ अशी तिन्ही होती, ते घर यातल्या कुठल्याही एका फेऱ्यात पुरतं बुडणार नव्हतं.

मग सोनं का नाही? १९३१ मध्ये पौंड सोन्यापासून सुटला, देशात सोन्याचा भाव चढला आणि मंदीने पिचलेल्या शेतकरी घरांतून सोनं बाहेर निघालं. त्या वेळी सोनं बाळगणाऱ्यांना चांदीवाल्यांपेक्षा चांगला भाव आला, हे मान्यच करायला हवं. परंतु तेव्हा सोन्याचं मोल चांदीच्या सत्तर पटींच्या आसपास होतं. पायलीभर दाण्यांसाठी सोन्याचा गुंजभर तुकडा तोडून द्यायचा म्हटलं तर त्याचा कस आणि वजन ठरवणार तो सराफच. बाईच्या डोळ्यांना त्यात काही कळणार नाही. चांदी फसली ती भावात, आणि तो भाव मुंबई-लंडनला ठरत होता. तागडीवर मात्र ती समोर दिसत होती. थोडे पण भारी दागिने घ्यावेत हा सल्ला, ज्याच्याकडे किरकोळ अडचणीसाठी दुसरा पैसा आहे त्यालाच परवडतो.

या दागिन्यांवर कणव बाळगून टीका करणारेही होते. गांधीजींनी बायकांच्या जड दागिन्यांना बेड्या म्हटलं आणि सभांमधून ते उतरवून सार्वजनिक कामासाठी मागून घेतले. पायातल्या वाळ्यांनी घोटे सोलवटतात, खाली मळ साचतो, हे खोटं नव्हतं. पण आदिवासी स्त्रीच्या अंगावरून चांदी उतरवायची तर तिच्या नावावर दुसरं काय होतं, हाही प्रश्न विचारायला हवा. हिंदू स्त्रीला वारसाहक्क देणारा १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. केंद्र सरकार वेगळी अधिसूचना काढेल तरच तो लागू व्हायचा. जमीन रूढीप्रमाणे बापाकडून मुलाकडे. नवऱ्याने तिची वाकी परस्पर गहाण टाकल्याची उदाहरणं घराघरांत असतील. तिची मालकी पक्की होती असा माझा दावा नाही. तरी सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईसाठी अंगावरची चांदी ही एकच मालमत्ता अशी होती, जी काढून न्यायची तर तिच्या अंगाला हात लावावा लागत होता.

आणि ती चांदी घराच्या जमिनीपुढे आडवी उभी होती. कर्जाला तारण लागतं. कडं दिलं तर नुकसान कड्यापुरतं. शेत लिहून दिलं तर पुढच्या सगळ्या सुग्या गेल्या. तळोदा-शहाद्यात आदिवासींच्या जमिनी किती गेल्या हे १९७२ मध्ये आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या लढ्याने साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं, आणि १९७४ मध्ये त्या परत देण्याचा कायदा झाला. पाठोपाठ १९७५ चा कर्जमुक्ती कायदा आला. छोटे शेतकरी आणि शेतमजूर यांचं सावकारी कर्ज त्याने रद्द केलं आणि गहाण वस्तू परत करायला लावल्या. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. पण गहाण असलेलंच परत येऊ शकतं. मोडीत गेलेलं, आटवलेलं कोण परत करणार?

चांदी गेली तिथे पुष्कळ आणि स्वस्त दागिने आले. गिलेट, जर्मन सिल्व्हर, बेंटेक्स, एक ग्रॅमवाले. त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. काचमणी पूर्वीही होतेच, व्हेनिस आणि बोहेमियाहून मुंबई बंदरात उतरलेल्या काचमण्यांना देशभर गिऱ्हाईक होतं, आणि होळीला सगळ्याजणींनी एकसारखं नटून नाचायला स्वस्ताईच उपयोगी पडते. फरक इतकाच की तेव्हाच्या स्वस्त दागिन्यातही वजन होतं. पितळी वाळे तांबटाकडे मोडीत गेले तरी त्यांचे पैसे यायचे. आजचा गिलेटचा सेट काळा पडला की त्याचा एक रुपयाही येत नाही. अशा दागिन्यांनी सण साजरा होतो. अडचण भागवायला मात्र तारण दुसरं शोधावं लागतं. खानदेशातून ऊसतोडीला बारडोलीच्या पट्ट्यात जाणाऱ्या मजुरांवर समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात जे लिहिलं त्यात हे दुसरं तारण स्पष्ट दिसतं. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग हंगामभर कोयता चालवून ती फेडायची. वाकी गहाण टाकणारी बाई आपल्या शेतावर तरी राहत होती. उचल घेतलेल्या जोडीला दिवाळीनंतर गाव सोडावंच लागतं, आणि पोरांची शाळाही सोबत सुटते.

म्हणून जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेले निर्देश या भागासाठी मला महत्त्वाचे वाटतात. सोन्याप्रमाणे चांदीच्या दागिन्यांवरही, एका कर्जदाराला दहा किलोपर्यंत, बँकांनी रीतसर कर्ज देण्याची चौकट त्यांत घालून दिली आहे. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाच्या मोलाच्या ८५ टक्के रक्कम देता येते, आणि अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही शेवटची मुदत ठरवली होती. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली, त्यामुळे म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर उरलेली एखादी सरीही आता मोठी रक्कम ठरते. पण कागदावरची सोय खांडबारा-विसरवाडीच्या बाजाराला जाणाऱ्या बाईपर्यंत पोहोचायची तर जुन्या, शिक्का नसलेल्या चांदीचा कस तिच्यासमोर तपासून लिहून देणारा माणूस शाखेत हवा, आणि एक-दोन कड्यांवरचं चार-पाच हजारांचं कर्ज किरकोळ म्हणून परत पाठवलं जाता कामा नये. तसं पाठवलं तर ती कडी पूर्वीच्याच दारी जातील.